नऊ हजारांत बारा बाण

धनुष्याचा खर्च एकदा होतो. रायझर नीट वापरला तर दहा वर्षं जातो, लिंब्ज दोन-तीन वर्षांनी बदलतात. बाण मात्र सतत घ्यावे लागतात. ते गवतात हरवतात, टार्गेटच्या लाकडी चौकटीवर आपटून तडकतात, एकमेकांच्या मागे घुसून फुटतात. यातलं काहीच झालं नाही तरी पोरं मोठी होतात, त्यांची ताकद वाढते, हात लांब होतात आणि गेल्या वर्षी अगदी बरोबर असलेले बाण या वर्षी चुकीचे ठरतात. आर्चरी खेळणाऱ्या घरात बाण हा किराण्यासारखा खर्च आहे. फरक एवढाच, की किराण्याचे भाव आईबापांना माहीत असतात.

आमच्या सातारा जिल्ह्यात २०२३ नंतर ग्राउंडवर येणाऱ्या पालकांची गर्दी वाढली. त्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात विश्वविजेती झाली. त्याच स्पर्धेत साताऱ्यातच सराव करणारा नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांमध्ये पहिला आला, तोही फायनलमध्ये १५० पैकी १५० करून. अदितीच्या शिक्षक वडिलांनी मुलीच्या सामानासाठी कर्ज काढलं होतं, हे तेव्हा पेपरांत आलं होतं. त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला जाऊन आला होता. त्याचे आईवडील मजुरी करायचे. या गोष्टींमधलं यश लोकांच्या लक्षात राहिलंच, पण कर्जही राहिलं. आता एखादे काका मुलीला घेऊन ग्राउंडवर आले की दुसरा-तिसरा प्रश्न हाच असतो: "एकूण किती लागतील ओ?"

मी स्वतः हौशी. ३६ पाउंडांचं रिकर्व्ह धनुष्य ओढते, जिल्ह्याच्या पुढे कधी गेले नाही आणि नोकरी सांभाळून जाईन असंही वाटत नाही. पण गणिताची आणि हिशेबाची मला आवड आहे, म्हणून ग्राउंडवर पोरांच्या बाणांचं काम आपोआप माझ्याकडे आलं. कुणाला कोणती स्पाइन, कुणाचे किती बाण उरले, कुणाचा नॉक सैल झाला, हे सगळं माझ्या एका वहीत असतं. सर तंत्र शिकवतात, मी वही सांभाळते.

त्या वहीतलं एक पान नववीतल्या एका मुलीचं आहे. ती आधी बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड खेळायची. खेळायची चांगलं, म्हणून सरांनी तिला रिकर्व्हवर घेतलं. ग्राउंडचा जुना रायझर मिळाला, लिंब्ज कुणीतरी कमी किमतीत दिल्या. बाणांसाठी तिच्या वडिलांनी उसाच्या पहिल्या हप्त्यातून नऊ हजार बाजूला काढले होते. दोन महिन्यांवर जिल्हा निवड होती.

नऊ हजार ही रक्कम बाणांच्या बाबतीत फार विचित्र आहे. ती कमी नाही, आणि पुरेशीही नाही. या रकमेत चुकीची वस्तू अगदी रुबाबात विकत घेता येते.

*

आधी प्रश्न हा की कार्बनच का?

ग्राउंडवर शिकायला ॲल्युमिनियमचे बाण असतात. स्वस्त, सरळ आणि सगळे अगदी एकसारखे. १८ आणि ३० मीटरवर त्यांच्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. पण ते जड असतात. जास्त अंतरावर बाण पोचवायचा तर धनुष्य वर उचलावं लागतं, म्हणजे साइटची पिन खाली आणावी लागते. कमी पाउंडांच्या धनुष्यावर ती पिन खाली येता येता साइटच्या दांडीच्या टोकाला टेकते. मग मुलं टार्गेटच्या वरच्या झाडाच्या एखाद्या फांदीवर नेम धरून मारतात. तिच्या वयोगटाला मारायचं होतं ६० मीटर, आणि तिच्या बोटांवर येत होते जेमतेम २६ पाउंड. म्हणजे तिच्यासाठी कार्बन ही चैन नव्हती. हलका बाण नसता तर तिला नेमच धरता आला नसता.

दुसरं कारण वारा. उघड्या मैदानावर बाण जितका बारीक तितका तो वाऱ्याला कमी सापडतो. नियमाने शाफ्टची जाडी ९.३ मिलिमीटरपर्यंत चालते, आणि इनडोअरमध्ये लोक मुद्दाम असे जाड बाण वापरतात, कारण रेषेला नुसता स्पर्श झाला तरी वरचे गुण मिळतात. बाहेर त्याच्या उलट. आतलं भोक ४.२ मिलिमीटर असलेले कार्बन शाफ्ट आता मध्यम किमतीत मिळतात. ३.२ वाले आणखी बारीक, पण त्यांचे पॉइंट महाग, नॉकसाठी वेगळ्या पिना लागतात, आणि सगळी बेरीज नऊ हजारांच्या पलीकडे जाते. तेव्हा ४.२ इथपर्यंत ठरलं.

आणि मग स्पाइन. माझ्या मते बजेट कितीही असो, बाण घेताना बोलायला इथूनच सुरुवात करावी.

बाण सरळ जातो असं आपल्याला वाटतं, पण तो सुटल्यावर माशासारखा वळवळत जातो. बोटांवरून दोरी सुटताना ती किंचित बाजूला सरकते, बाणाला मागून धक्का बसतो, पुढचा पॉइंट जडपणामुळे मागे रेंगाळतो आणि मधला भाग वाकतो. अशा वाकण्यामुळेच बाण रायझरला न घासता त्याच्या कडेने निघून जातो. १९३०च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने वेगवान कॅमेऱ्याने हे टिपून दाखवलं. म्हणजे बाणाने वाकणं गरजेचं आहे, आणि किती वाकायचं हे धनुष्याच्या ताकदीवर ठरतं. फार ताठ असला तर वाकणारच नाही आणि रायझरवर आपटेल. फार लवचिक असला तर जास्त वाकून दुसरीकडे जाईल.

या लवचिकतेचा आकडा म्हणजे स्पाइन. २८ इंचांवर दोन टेकू, त्यावर बाण आडवा, मधोमध १.९४ पाउंड म्हणजे ८८० ग्रॅम वजन टांगायचं. बाण जितके इंच खाली झुकेल त्याला हजाराने गुणायचं. अर्धा इंच झुकला तर स्पाइन ५००. ०.८ इंच झुकला तर ८००. आकडा मोठा तितका बाण लवचिक. नवीन पालकांना हे उलटं वाटतं, कारण मोठा आकडा म्हणजे जास्त दणकट अशी आपली समजूत असते.

तिचे २६ पाउंड आणि साडेअठ्ठावीस इंचांचा बाण धरला तर चार्ट ८५० ते ९०० सांगत होता. हे आधी ठरवलं आणि वहीत लिहून ठेवलं. ते पुढे उपयोगी पडलं.

*

कारण दुसऱ्याच दिवशी तिचे वडील ग्राउंडवर आले, ते एक बातमी घेऊन. ओळखीच्या ओळखीतून एक सीनियर खेळाडू आपले जुने एक्स-टेन बाण विकत होता. आठ बाण, आठ हजार.

एक्स-टेनबद्दल थोडं सांगायला हवं. ईस्टन कंपनीने हा बाण १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या वेळी आणला. आत ॲल्युमिनियमची नळी, वरून कार्बन, मधे किंचित जाड आणि दोन्ही टोकांना निमुळता. तेव्हापासून ऑलिम्पिकच्या पोडियमवर उभे राहिलेल्या रिकर्व्ह खेळाडूंच्या भात्यात बहुतेक वेळा तोच असतो. नवा डझन, टंगस्टनचे पॉइंट आणि बाकी सगळं लावून घेतला, तर पन्नास हजारांच्या पुढे सहज जातो. त्यामुळे आठ हजारांत आठ म्हणजे लॉटरीच.

"ताई, ऑलिम्पिकवाले बाण हायेत," काका म्हणाले. "नवीन साधे घेण्यापेक्षा जुने चांगले घ्यावेत. ट्रॅक्टरचं आम्ही तसंच केलं."

मुलगी काही बोलत नव्हती, पण तिचे डोळे बोलत होते. ग्राउंडवर एक्स-टेन असणं म्हणजे काय, हे तिला चांगलं माहीत होतं. बांबूच्या धनुष्यावरून आलेल्या पोरांना रिकर्व्हवाली पोरं जरा वेगळ्या नजरेने बघतात. सामानाची एक जात असते. पत्र्याच्या पेटीतून बाण काढणारी मुलं आणि चाकांच्या बॅगेतून बाण काढणारी मुलं शेजारी उभी राहतात, तेव्हा शूटिंग लाइनवर कुणी काही बोलत नाही, पण दिसतं सगळ्यांनाच.

मी काकांना म्हटलं, "काका, दोन बाण बघायला मिळतील का? घ्यायचे नंतर ठरवू."

ते घेऊन आले. शाफ्टवर बारीक अक्षरांत ५५० छापलेलं होतं.

चर्चा तिथेच संपवता आली असती. पण "तुमच्या मुलीला हे जमणार नाहीत" एवढंच ऐकून कुणी बाप समाधानाने घरी जात नाही. त्याला ते 'तुम्हाला परवडणार नाहीत' असंच ऐकू येतं. म्हणून आम्ही मोजून बघायचं ठरवलं.

शाळेतल्या दोन बाकांच्या कडा २८ इंच अंतरावर आणल्या. एका पाण्याच्या बाटलीत पाणी भरत भरत, बाटलीसकट आणि दोरीसकट ८८० ग्रॅम केलं. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा वापरला. पट्टी उभी धरली. एक्स-टेन १४ मिलिमीटर झुकला. ग्राउंडवरच्या दुसऱ्या एका मुलाचा ८०० स्पाइनचा साधा कार्बन बाण टांगला, तो २० मिलिमीटर झुकला. काकांनी स्वतः दोनदा मोजलं. ट्रॉलीचं वजन काट्यावर होताना बघायची सवय असलेला माणूस. आकडा डोळ्यांसमोर आला की तो मान्य करतो.

मग मारून बघितलं. याला बेअर शाफ्ट टेस्ट म्हणतात. मागचे पंख काढलेला बाण आणि पंखांचा बाण, दोन्ही एकाच अंतरावरून, एकाच नेमाने मारायचे. पंख बाणाची चूक सावरून घेतात. पंख काढले की बाण खरं सांगतो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा उघडा बाण पंखवाल्यांच्या डावीकडे गेला तर तो ताठ आहे, उजवीकडे गेला तर लवचिक. १८ मीटरवरून तिने तीन-तीन मारले. उघडा एक्स-टेन प्रत्येक वेळी डावीकडे वितभर लांब गेला, आणि सुटताना रायझरवर 'टक्' असा आवाज आला. पंखांवर आम्ही टाल्कम पावडर लावली होती, ती एका बाजूने घासली गेलेली दिसली. ८००चा उघडा बाण पंखवाल्यांच्या शेजारी, चार बोटं डावीकडे बसला.

चार बोटं डावीकडे म्हणजे तोही किंचित ताठ. तेच आम्हाला हवं होतं. का, ते पुढे सांगते.

काकांनी दोन्ही एक्स-टेन फडक्यात गुंडाळले. "म्हंजे बाण भारी हाय, पण हिच्या मापाचा न्हाई," एवढंच म्हणाले. मला वाटतं, इतकं नेमकं मी कुठल्याही कॅटलॉगमध्ये वाचलेलं नाही.

*

मग खरेदी. बॉक्सवर साधारण चार आकडे असतात: स्पाइन, सरळपणा, वजनातला फरक आणि दर इंचाला किती ग्रेन. किंमत सगळ्यात जास्त वाढते ती सरळपणामुळे. ०.००१ इंच, ०.००३ आणि ०.००६ अशा प्रती असतात. एकाच साच्यातून निघालेले शाफ्ट मोजून वेगळे काढतात आणि सरळ ते महाग विकतात. ०.००६ इंच म्हणजे मिलिमीटरचा साधारण सातवा भाग. ६० मीटरवर जिचा ग्रुप अजून ताटाएवढा आहे, तिला हा फरक दिसणारसुद्धा नाही. तिथे पैसे वाचवले.

वजनात मात्र वाचवायचं नाही, आणि सुदैवाने त्याला पैसे लागत नाहीत, फक्त वेळ लागतो. सोनार वापरतात तसा छोटा डिजिटल काटा पाच-सहाशेला मिळतो. आमच्या ग्राउंडवर एकच आहे. सगळे शाफ्ट, सगळे पॉइंट वेगवेगळे वजन करायचे. एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम. जड शाफ्टला हलका पॉइंट, हलक्या शाफ्टला जड पॉइंट अशा जोड्या लावल्या की बारा बाण एकमेकांच्या एक-दीड ग्रेनमध्ये येतात. महागड्या बाणांबरोबर कंपनी हे करून देते. स्वस्त बाणांबरोबर ते आपण करायचं.

आता ८०० का, ८५० का नाही? कारण नववीतली मुलगी. वर्षभरात तिची ओढ चार-पाच पाउंडांनी वाढणार हे सरांना दिसत होतं. आज अगदी बरोबर बसणारा बाण घेतला तर तो सहा महिन्यांत लवचिक ठरणार. म्हणून एक पायरी ताठ घ्यायचा, आणि पुढे वजन वाढवून आजच्यापुरता लवचिक करायचा. पुढचा पॉइंट जितका जड, तितका बाण सुटताना जास्त वाकतो. १२० ग्रेनचे असे पॉइंट मिळतात ज्यांच्या मागच्या शेपटीला खाचा असतात. पक्कडीने एक तुकडा तोडला की ११०, आणखी एक तोडला की १००. आज १२० लावायचा. ताकद वाढली की गरम करून बाहेर काढायचा, तुकडा तोडायचा, परत बसवायचा. बाण तोच, पण थोडा ताठ.

लांबीचंही तसंच. मुलगी वाढतेय, तेव्हा बाण दीड इंच जास्त ठेवला. लांब बाण रायझरवरच्या क्लिकरपाशी बसत नाही, म्हणून साइटच्या दांडीला लावायचा क्लिकर घेतला. आखूड बाण घ्यायची काटकसर कधीच करू नये. आखूड बाण ओढताना रेस्टवरून मागे घसरला तर तो सुटल्यावर जाईल तो आपल्याच धनुष्य धरलेल्या हातात.

वहीतला हिशेब असा आहे:

शाफ्ट बारा, प्रत्येकी ४०० प्रमाणे ४,८००. पॉइंट बारा, १,२००. नॉक अठरा, ४५०. प्लास्टिकचे पंख, पन्नासचं पाकीट, ७००. पंखांचा डिंक आणि पॉइंटचा हॉट-मेल्ट मिळून ३५०. साइटचा क्लिकर ५००. कुरिअर २००. एकूण ८,२००.

उरलेल्या आठशेत नवी दोरी आली. तिच्या धनुष्याची दोरी मधेच तंतू सोडत होती, आणि दर आठवड्याला ताणून लांब होणारी दोरी असली तर कसलीही स्पाइन काढून उपयोग नाही. काकांना दोरीचे आठशे सगळ्यात जास्त टोचले. "दोरीच ना?" असं दोनदा विचारलं.

*

बाण तयार करायला एक रविवार गेला. शाफ्ट कापायला घासून कापणारं चाक लागतं. प्लंबरचा पाइप-कटर वापरला तर कार्बनचे धागे दबून चिरतात. ज्याच्याकडे तसं चाक आहे अशा एका वर्कशॉपमध्ये आम्ही गेलो. तोंडाला मास्क बांधला, कारण कार्बनची धूळ फुप्फुसांत जाऊ देऊ नये. पॉइंट बसवताना उष्णता पॉइंटला द्यायची, शाफ्टला नाही, कारण शाफ्ट तापला तर आतलं रेझिन सैल पडतं. हे सगळं मी तिच्याकडूनच करून घेतलं. पहिले दोन बाण तिने भीत भीत केले, नंतरचे दहा गप्पा मारत.

मग तिला दोन सवयी लावल्या. पहिली: रोज सराव सुरू करायच्या आधी प्रत्येक बाण दोन्ही टोकांना धरून हलकासा वाकवायचा, फिरवून परत वाकवायचा आणि कानाजवळ ऐकायचं. 'कर्र' असा बारीक आवाज आला किंवा बोटाला धागा लागला, तर तो बाण तिथेच मोडून टाकायचा. चारशे रुपये गेले तर गेले. तडकलेला कार्बन दोरीच्या धक्क्याने फुटतो, आणि त्याच्या सळया हातात घुसतात. तंगीत हा नियम पाळणं सगळ्यात जड जातं. "एकदा मारून बघू" असं कुणालाही वाटेल. म्हणूनच मोडायचा, म्हणजे मोह राहत नाही.

दुसरी: बाणांवर नंबर घालायचे. नियमाने शाफ्टवर खेळाडूचं नाव किंवा आद्याक्षरं लागतातच, त्याखाली १ ते १२. आणि वहीत टार्गेटचं चित्र काढून, कुठला नंबर कुठे लागला ते मांडायचं.

आणखी एक गोष्ट आमच्याकडच्या ग्राउंडची. टार्गेटच्या मागे ऊस आहे. टार्गेट चुकलेला काळा बारीक बाण पावसाळ्यातल्या गवतात आडवा शिरला की दिसत नाही. तो शोधल्याशिवाय सराव पुढे जात नाही, हा सरांचा नियम. पैशांचा प्रश्न आहेच, पण गवत कापून जनावरांपुढे जातं. कार्बनचा तुकडा वैरणीतून म्हशीच्या पोटात गेला तर आपल्याला तिथे ग्राउंड कोण ठेवू देईल? म्हणून पंख भडक गुलाबी घेतले. तिला रंग आवडला नाही. पण मैदानावर आवडीनिवडीपेक्षा शोधायला सोपं महत्त्वाचं.

*

दोन महिन्यांनी निवड झाली. ७२ बाण, सहा-सहाच्या बारा फेऱ्या. ती निवडली गेली नाही. एका जागेने राहिली.

संध्याकाळी काका ग्राउंडवर आले. रागावलेले नव्हते. बराच वेळ बाजूला उभे राहिले आणि मग विचारलं, "ताई, खरं सांगा. बाण भारी असते तर निवडली असती का?"

हा प्रश्न मी आधीही ऐकला आहे, वेगवेगळ्या आईबापांकडून. त्याचं उत्तर घाईने देऊ नये. "नाही हो काका" म्हटलं तर ते समजूत घालण्यासारखं होतं. "हो" म्हटलं तर माणूस घरी जाऊन सोसायटीचं कर्ज काढेल. आणि 'सामान नव्हतं म्हणून राहिली' हे वाक्य घरात एकदा शिरलं, की ते मुलीच्या कामाला येत नाही. तिला वाटत राहतं की आपल्या हातात काहीच नव्हतं. वर्षभराने अशी मुलं सराव सोडतात. मी पाहिली आहेत.

म्हणून वही उघडली. बाणाचा दोष असेल तर तोच नंबर पुन्हा पुन्हा त्याच बाजूला जातो. तिच्या दोन महिन्यांच्या नोंदींमध्ये असा एक बाण होता. ७ नंबर. तो कायम उजवीकडे खाली. नॉक बदलला, फिरवून बसवला, तरी तसाच. तो आम्ही निवडीच्या पंधरा दिवस आधीच सरावापुरता वेगळा काढला होता. बाकी अकरांमध्ये कुठलाच नंबर कुठल्याच बाजूचा नव्हता. निवडीच्या दिवशी ३ नंबर एका फेरीत दहात होता, पुढच्या फेरीत चारमध्ये. ५ नंबर आधी पाचात, मग नवात. आणि चुकलेले बहुतेक बाण वर-खाली चुकले होते, डावी-उजवीकडे नाही.

वर-खाली म्हणजे ओढ कमी-जास्त. शेवटच्या चार फेऱ्यांत ती दमली होती, क्लिकर वाजायच्या आत सोडत होती किंवा ओढून ओढून उशिरा सोडत होती. २६ पाउंड ७२ वेळा ओढायचे, शिवाय सरावाचे बाण वेगळे. तिच्या पाठीत अजून तेवढी ताकद नव्हती. दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं असतं. महागडा बाण वाऱ्यात त्यातले काही सेंटिमीटर वाचवतो. दमलेल्या खांद्याचे तीस सेंटिमीटर तो वाचवू शकत नाही.

हे मी काकांना पानावर बोट ठेवून दाखवलं. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. काका गेल्यावर ती म्हणाली, "ताई, म्हणजे चुकलं माझंच?" मी म्हटलं, "चुकलं असं नाही. पण जे कमी पडलं ते तुझ्याकडेच आहे, दुकानात नाही." ती थोडा वेळ ३ नंबरच्या नोंदी बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती रबरबँड ओढायच्या व्यायामाला अर्धा तास लवकर यायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं.

मी महाग बाणांच्या विरोधात नाही. एक दिवस येतो जेव्हा वहीतला ग्रुप इतका लहान होतो, की बाणाबाणांतला फरक त्यात दिसायला लागतो. वारा नसताना दहात, वारा सुटला की सगळेच एका बाजूला सातात, असं व्हायला लागलं की बारीक आणि जड पॉइंटचा बाण घ्यायची वेळ झाली. तेव्हा कर्ज काढलं तरी कशासाठी ते माहीत असतं. ज्या पालकांनी कर्ज काढलं आणि ज्यांच्या मुलांनी नाव काढलं, त्यांच्या कहाण्यांमध्ये आधीची ही वर्षं फारशी सांगितली जात नाहीत. स्वस्त बाणांची, ग्राउंडच्या सामानाची, हरवलेला एक बाण शोधायला अंधार पडेपर्यंत उसाच्या कडेने फिरण्याची वर्षं.

पुढच्या वर्षात तिने पॉइंटचे दोन्ही तुकडे तोडले. १२०चे ११० झाले, ११०चे १००. ओढ ३२ पाउंडांवर गेली आणि उघडा बाण हळूहळू उजवीकडे सरकायला लागला. म्हणजे आता ८०० तिला लवचिक पडायला लागले. बारापैकी नऊ शाबूत होते. एक उसाने खाल्ला, एक चौकटीवर आपटून तडकला, एकाच्या मागे दुसरा घुसला. ७ नंबर तेवढा अजून चालू होता, फक्त जवळच्या अंतराच्या सरावाला.

नवा संच ६५० स्पाइनचा आला. बजेट या वेळी साडेअकरा हजार, कारण ४.२ऐवजी ३.२चे बारीक शाफ्ट घ्यायचे ठरले. हिशेब तिनेच मांडला, मी फक्त तपासला. दोरीचे पैसे तिने सगळ्यात आधी लिहिले होते.

जुने नऊ बाण आता सहावीतल्या एका मुलाकडे आहेत. त्याची ओढ कमी आहे, म्हणून पॉइंट परत १२०चे लावले, त्याच्या वडिलांनी नवे नॉक आणले. भाव काकांनीच ठरवला: नऊ बाणांचे अठराशे. सहावीतल्या मुलाला गुलाबी पंख अजिबात आवडले नाहीत. पाकिटात अजून बारा उरलेत, ते संपेपर्यंत तरी गुलाबीच.